फायटर माशाला मटार: किती, कसा आणि कधी मुळीच नाही

डिसेंबरात मंडईत मटारच्या शेंगांचे ढीग लागतात. दोन किलो शेंगा घेऊन आपण सोलायला बसतो आणि शेजारच्या टाकीतला फायटर आपल्या बोटांच्या प्रत्येक हालचालीबरोबर काचेशी येऊन थबकतो. हात दिसला की खाणं येतं, हे त्याला पक्कं ठाऊक झालेलं असतं. मग एक दाणा त्याच्यासाठी बाजूला निघतोच.

तो दाणा कसा द्यायचा ते मी पुढे पायरीपायरीने सांगणार आहे. पण आधी एक गोष्ट मनात पक्की करा: फायटरला भाजीची गरज नसते. त्याला भाजी चालते. तीही डोळ्याएवढा तुकडा, आठ-दहा दिवसांतून एकदा, शिजवून, साल काढून. यापुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

माझ्याकडचा पहिला फायटर गडद निळा होता. पोट फुगून तो सुस्त झाला तेव्हा मला मटार द्यायला सांगण्यात आलं. मी अर्धा दाणा सालासकट दिला आणि त्याने तो नेटाने खाल्लाही. जानेवारीचे दिवस होते, टाकीत हीटर नव्हता, पाणी 20 अंशांच्या आसपास होतं आणि त्याच्या पोटात आधीचंच अडलेलं होतं. चौथ्या दिवशी तो गेला. मटारमुळेच गेला असं मी म्हणणार नाही. पण मटारच्या आधी ज्या गोष्टी करायच्या असतात त्यांतली एकही मी केली नव्हती, आणि ते मला अजून लागतं.

हा मासा मुळात खातो काय

आपण ज्याला फायटर म्हणतो तो बेट्टा स्प्लेंडन्स, मूळचा थायलंडचा. तिकडे त्याला ‘प्ला कात’ म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. 2019 साली थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. त्याचं रानातलं घर म्हणजे उथळ, संथ, गवताने भरलेलं पाणी: दलदली, ओढ्यांचे कडेचे भाग, भाताची खाचरं. श्रावणात कोकणातल्या खाचरात वाकून पाहिलंत तर पाण्यात किती प्रकारचे किडे वळवळत असतात ते दिसेल. फायटरचं ताट साधारण तसंच असतं. डासांच्या अळ्या, पाण्यात पडलेले बारीक किडे, डोळ्याला जेमतेम दिसणारे कवचधारी जीव.

त्याचं तोंड बघा, वरच्या बाजूला वळलेलं आहे. पृष्ठभागावरची शिकार टिपण्यासाठी ते तसं घडलंय. आतडं आखूड आहे, कारण मांस पचायला लांब आतडं लागत नाही. उलट पाला खाणाऱ्या माशांची आतडी लांबलचक, वेटोळी घातलेली असतात. त्यांना वनस्पतीतल्या चिवट तंतूंवर काम करायला वेळ हवा असतो. फायटरच्या पोटात गेलेला भाजीचा बराचसा भाग न पचताच बाहेर पडतो.

हे कळलं की मटारचा सल्ला कुठून आला तेही कळतं. तो गोल्डफिश पाळणाऱ्यांचा सल्ला आहे. गोल्डफिश मिश्राहारी, त्याला वेगळं जठरच नसतं, आतडं लांब असतं, आणि मऊ शिजवलेला मटार त्याला खरोखर मानवतो. तोच उपाय जसाच्या तसा फायटरला लावला गेला. कधी तो लागू पडतो, कारण न पचलेला तंतू पुढचं अडलेलं ढकलतो. कधी तोच तंतू अडचणीत भर घालतो. फरक पडतो तो प्रमाणाने आणि पाण्याच्या तापमानाने.

आणखी एक गोष्ट, जी डबा हातात घेऊनही आपण वाचत नाही. दुकानातून आणलेल्या माशांच्या खाद्याच्या दाण्यांमध्ये बहुतेक वेळा गव्हाचं पीठ, सोयाबीन, कधी स्पिरुलिना नावाचं शेवाळ हे सगळं असतंच. म्हणजे वनस्पती फायटरच्या पोटात रोज जाते आहे. घटकांच्या यादीत पहिली दोन नावं मासे, कोळंबी, क्रिल (कोळंबीसारखा बारीक समुद्री जीव) किंवा अळ्या यांची असतील तर दाणा चांगला. पहिलंच नाव गव्हाचं असेल तर भाजीचा विचार सोडा आणि आधी दाणा बदला.

सुरुवात करण्याआधी

तीन गोष्टी तपासायच्या. यांतली एक जरी जुळत नसेल तर भाजी थांबवा.

पहिली, टाकी. दोन-तीन लिटरच्या बाउलमध्ये, फिल्टरशिवाय ठेवलेल्या फायटरला भाजी देऊ नये. मटारचा एक विसरलेला तुकडा तळाशी कुजला की अमोनिया तयार होतो, आणि एवढ्याशा पाण्यात तो विरायला जागाच नसते. निदान 15 ते 20 लिटरची टाकी, त्यात साधा स्पंज फिल्टर आणि झाकण, इतकं असेल तर छोटीशी चूक पोटात घालता येते.

दुसरी, तापमान. फायटरला 25 ते 28 अंश सेल्सिअस लागतं. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं. आपल्याकडे ताजा मटार येतो नेमका थंडीत, आणि पुणे, नाशिक, नागपूरला त्याच दिवसांत घरातलं पाणीही गारठतं. म्हणजे हातात मटार असतो तेव्हाच माशाचं पोट सगळ्यात सुस्त असतं. हीटर नसेल आणि थर्मामीटर 24 च्या खाली दाखवत असेल तर त्या आठवड्यात भाजी नको, रोजचे दाणेही थोडे कमी करा. मुंबई-कोकणात हा प्रश्न तितका येत नाही. तिथे उलट मे महिन्यात पाणी तापतं आणि उरलेलं अन्न झपाट्याने सडतं.

तिसरी, मासा स्वतः. तो रोजच्यासारखा पोहतोय का, काचेशी येतोय का, वरून पाहिल्यावर पोट दोन्ही बाजूंनी सारखं दिसतंय का? निरोगी माशाला खाऊ द्यायचा असेल तर पुढच्या पायऱ्या. पोट फुगलं असेल तर त्याची रीत वेगळी आहे, ती खाली स्वतंत्र दिली आहे. ती वाचल्याशिवाय मटार शिजायला टाकू नका.

कोणती भाजी

मटारच पहिला, आणि माझ्या मते बहुतेकांनी मटारवरच थांबावं. कारण तो शेंगेत असतो. पिकावर मारलेल्या फवाऱ्याचा थेट मारा शेंगेच्या टरफलावर होतो, दाण्यावर नाही. कीटकनाशकांतला एक मोठा गट, पायरेथ्रॉइडचा, माशांसाठी अतिशय विषारी आहे. माणसाला जाणवणारही नाही इतका अंश छोट्या टाकीत घातक ठरू शकतो. दाण्याला साल असते, तीही आपण काढतो. म्हणजे दोन आवरणं काढल्यावर उरलेला गर माशाकडे जातो. इतकं संरक्षण दुसऱ्या कुठल्या भाजीला नाही.

मात्र मटार म्हणजे ओला मटार. उसळीचा वाळलेला वाटाणा, पांढरा असो की हिरवा, भिजवून शिजवला तरी पिठूळ आणि जड होतो, तो नको. गोठवलेला मटार चालतो. पाकिटावर मीठ किंवा साखर लिहिलेली नाही ना ते पाहा. डबाबंद मटारात मीठ असतंच, तो घेऊ नका.

काकडी दुसऱ्या क्रमांकावर. तिच्यात जवळजवळ सगळं पाणी, म्हणून ती हलकी. साल आणि बिया काढून मधला पारदर्शक गर घ्यायचा. कोशिंबिरीची काकडी चिरताना आपण टोक कापून घासतो आणि एक चकती चाखून बघतो, ते इथेही करा. कडू निघालेली काकडी किंवा दुधी माशाला मुळीच देऊ नका. तो कडवटपणा ज्या द्रव्याने येतो ते माणसालाही बाधतं. दुधी आणि झुकिनी काकडीसारखीच, फक्त वाफवून.

गाजर आणि लाल भोपळा पूर्ण मऊ शिजवून, नखाच्या टोकावर मावेल इतका कण. लाल फायटरचा रंग गाजराने खुलतो असं सांगितलं जातं. रंग खुलवणारी कॅरोटिनॉइडं गाजरात असतात हे खरं, पण आठवड्याला एका कणातून माशाला त्यातलं काय मिळणार? रंगासाठी चांगला दाणा आणि स्वच्छ पाणी यांवर भर द्या.

पालकाबद्दल मी साशंक आहे. पालेभाजीवर फवारा थेट बसतो आणि धुऊन तो सगळा जातोच असं नाही. घरच्या कुंडीतला, काहीही न मारलेला पालक असेल तर उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून त्याचा तिळाएवढा तुकडा द्यायला हरकत नाही. बाजारातला नको.

आता नको त्या गोष्टी. मक्याचा दाणा नको, त्याचं साल पचत नाही. बटाटा, रताळं, भात, पोळी, पाव यांत सगळा पिष्टमय भाग, तोही नको. देवळाच्या तळ्यातल्या माशांना चुरमुरे टाकायची आपल्याला लहानपणापासून सवय असते आणि घरातली मुलं तेच टाकीत करायला जातात. तळ्यातले मासे बहुतेक रोहू-कटला जातीचे, मोठे, त्यांचं पोट निराळं. फायटरच्या पोटात चुरमुरा फुगतो. कांदा, लसूण, मिरची, कारलं, मुळा, टोमॅटो, लिंबाच्या जातीचं काहीही देऊ नका. आणि फोडणीची भाजी पाण्याने धुऊन द्यायचा विचारही नको. तेल आणि मीठ धुऊन निघत नाही.

शिजवणं

हे पाच मिनिटांचं काम आहे, पण यात घाई नको.

दोन दाणे घ्या. द्यायचा आहे त्यातला एक कण, पण साल काढताना एखादा चुरडतो. लहान भांड्यात वाटीभर साधं पाणी उकळा. मीठ नाही, हळद नाही, खाण्याचा सोडा नाही. हिरवा रंग टिकावा म्हणून चिमूटभर सोडा टाकायची अनेक घरांत पद्धत आहे, ती इथे आवरा. ताजा मटार तीन मिनिटं, गोठवलेला एक-दीड मिनिट. नंतर अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. जोर न लावता चेपला गेला पाहिजे. आतून करकरीत लागला तर आणखी मिनिटभर ठेवा.

मायक्रोवेव्हमध्येही होतो, पण दाणा आतून कुठे गरम, कुठे कच्चा राहतो. मी गॅसवरच करते.

शिजलेला दाणा थंड पाण्यात टाका, एका टोकाला नखाने टिचकी द्या आणि दुसऱ्या बाजूने दाबा. आतली दोन दलं अलगद बाहेर येतील. साल टाकून द्या. ती चिवट असते आणि माशाला अडते ती नेमकी तीच. एक दल घ्या आणि सुरीच्या टोकाने त्याचे कण करा. प्रत्येक कण माशाच्या डोळ्याएवढा किंवा त्याहून लहान. फायटरचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं धरावं, असा पाळणाऱ्यांचा जुना हिशेब आहे. अगदी मोजून खरा नसला तरी हात आखडायला तो फार उपयोगी. म्हणजे एका वेळी एक कण, फार तर दोन. एका दाण्यात बारा-पंधरा माशांचा खाऊ असतो.

देण्याआधी तो कण टाकीतल्याच पाण्यात मिनिटभर ठेवा, म्हणजे तापमान जुळेल.

देणं

मटार बुडतो. हे साधं वाक्य वाटतं, पण नवख्यांची फसगत इथेच होते. फायटर वर पाहून खाणारा. वरून टाकलेला कण त्याच्या नाकासमोरून खाली जातो, खड्यांच्या फटीत शिरतो आणि आपल्याला वाटतं त्याने खाल्ला. म्हणून कण टाकू नका, धरा.

बोथट टोकाचा प्लास्टिकचा चिमटा सगळ्यात चांगला. स्टीलचा टोकदार नको, कारण फायटर हळू येऊन खात नाही, तो झडप घालतो आणि टोक तोंडाला लागू शकतं. चिमटा नसेल तर टूथपिकचं टोक मोडून बोथट करा आणि त्यावर कण चिकटवा. मटार मऊ असल्याने चिकटतो.

वेळ सकाळची ठेवा. त्या सकाळी दाणे देऊ नका, म्हणजे त्याला भूक असेल आणि दिवसभर आपलं लक्षही राहील. टाकीचा दिवा लावा, पाच मिनिटं जाऊ द्या. फिल्टरचा प्रवाह जोराचा असेल तर तेवढ्यापुरता मंद करा. कण पृष्ठभागाच्या अर्धा इंच खाली धरा आणि अगदी हलका थरथरवा. त्याच्या दृष्टीने अळी अशीच हलते. तो आधी दुरून बघेल, कल्ले थोडे फुलवेल, मग येईल.

बहुतेक फायटर पहिल्यांदा मटार तोंडात घेऊन लगेच थुंकतात. दोनदा-तीनदा घेतील, थुंकतील. कण फार मोठा असला तरी थुंकतात, म्हणून एकदा अर्धा करून बघा. तरीही नको असेल तर त्याचं म्हणणं मान्य करा. मटार खावा म्हणून त्याला दिवसेंदिवस उपाशी ठेवण्याचा सल्ला मी ऐकला आहे आणि तो मला चुकीचा वाटतो. ज्या अन्नाची त्याला गरजच नाही त्यासाठी उपास कशाला घडवायचा? फार तर एक युक्ती करा. गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे पाण्यातल्या बारीक लाल अळ्या, वापरत असाल तर ते विरघळल्यावर वाटीत उरलेल्या पाण्यात कण बुडवून द्या. वासाला बरेच मासे भुलतात.

माझ्याकडे आजवर झालेल्या फायटरांपैकी दोघांनी मटार आवडीने खाल्ला, बाकीच्यांनी कधी खाल्ला, कधी नाही. एका पांढऱ्या मादीने आयुष्यभर तोंड लावलं नाही आणि ती तीन वर्षं छान जगली.

दिल्यानंतर

न खाल्लेला कण दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढा. उन्हाळ्यात तर लगेच. लांब नळीचा ड्रॉपर किंवा सुई काढलेली मोठी सिरिंज टाकीशेजारी ठेवून द्या, हात कमी ओले होतात आणि कंटाळा करायला कारण उरत नाही. टाकीत गोगलगायी असतील आणि त्यांच्यासाठी काकडीची चकती टाकली असेल तर तिला फार तर रात्रभर मुभा, सकाळी ती बाहेर.

पुढचे चोवीस तास त्याच्या विष्ठेकडे लक्ष ठेवा. मटारनंतर ती हिरवट, तुटक दिसते, त्यात काळजीचं काही नाही. लांब, पांढरी, दोऱ्यासारखी लोंबती विष्ठा दिसली तर ती भाजीमुळे नाही. उपाशी पोटी एखाद्या वेळी तसं होतं, पण रोज दिसू लागलं तर आतड्यातल्या जंतांचा किंवा संसर्गाचा संशय घ्यावा.

दिवाळीत गावाला जाताना टाकीत काकडी किंवा मटार ‘सोडून’ जाऊ नका. पूर्ण वाढलेला निरोगी फायटर चार-पाच दिवस उपाशी राहू शकतो आणि परत आल्यावर ठणठणीत भेटतो. कुजलेल्या भाजीच्या पाण्यात मात्र नाही राहू शकत.

पोट फुगलं असेल तेव्हा

आधी नीट बघा, बाजूने आणि वरूनही. नुसतं पोट गोलसर, खवले अंगाला चिकटलेले, मासा थोडा तिरका पोहतोय किंवा तळाशी जास्त बसतोय, विष्ठा दिसत नाही: हे बहुधा बद्धकोष्ठ. मादी असेल, अंगावर उभे पट्टे आणि पोटाखाली पांढरा ठिपका असेल तर ती अंड्यांनी भरलेली आहे, तिला औषध नको. आणि वरून पाहताना खवले छपरावरची कौलं उचकटावीत तसे उभे दिसत असतील तर ती जलोदराची अवस्था आहे. शरीरात पाणी साठलेलं असतं, मुळाशी बहुधा संसर्ग किंवा मूत्रपिंडाचा बिघाड असतो. तिथे मटार काहीही करू शकत नाही. मासा वेगळा करा, पाणी स्वच्छ ठेवा आणि माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवा.

बद्धकोष्ठ असेल तर क्रम असा.

पहिले दोन दिवस पूर्ण उपास. घरातल्या मोठ्यांना हे सांगून ठेवा, कारण ‘बिचारा उपाशी आहे’ म्हणून कुणीतरी दोन दाणे टाकतंच. डबाच उचलून ठेवणं बरं. याच दोन दिवसांत तापमान हळूहळू 27-28 अंशांवर न्या, एका तासात एका अंशाहून जास्त नाही. पाव टाकी पाणी बदला, नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं. अनेकदा एवढ्यानेच काम होतं. ऊब मिळाली की आतडं हलतं.

तिसऱ्या दिवशी डॅफ्निया, म्हणजे पाण्यातला पिसू. मत्स्यालयाच्या दुकानात तो गोठवलेला किंवा वाळवलेला मिळतो. काही ठिकाणी त्याचाच भाऊबंद मोइना जिवंत मिळतो. याच्या अंगावर बारीक कवच असतं. ते पचत नाही, त्यामुळे कोंड्यासारखं काम करून पोट साफ करतं, आणि वरून ते फायटरचं स्वाभाविक अन्नच आहे. मटारपेक्षा हा उपाय सरळ आणि सुरक्षित. वाळवलेला असेल तर दहा मिनिटं भिजवून द्या, नाहीतर तो पोटातलं पाणी शोषतो आणि दुखणं वाढतं.

डॅफ्निया मिळतच नसेल, तालुक्याच्या गावी अनेकदा मिळत नाही, तर तिथे मटार. वर सांगितल्याप्रमाणे शिजवून, साल काढून, एकच कण. त्या दिवशी दुसरं काहीही नाही. चौथ्या दिवशी पुन्हा उपास. विष्ठा झाली की पाचव्या दिवसापासून रोजच्या खाद्याचा एकेक दाणा सुरू करा.

तरीही हलत नसेल तर एप्सम सॉल्ट. हे औषधाच्या दुकानात मिळतं. ते मॅग्नेशियम सल्फेट आहे, स्वयंपाकातलं मीठ नव्हे, सैंधवही नव्हे. दर 20 लिटर पाण्याला एक सपाट छोटा चमचा, वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवून, मग थोडं थोडं करून टाकीत. त्याने स्नायू सैलावतात. आठवडाभरात फरक नसेल तर दुखणं बद्धकोष्ठाचं नाही असं समजा.

आणि हा त्रास वारंवार होत असेल तर उपाय शोधण्याआधी रोजचं खाणं मोजा. सकाळी दोन-तीन दाणे, संध्याकाळी दोन-तीन, आणि आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. ज्या घरात गुरुवार किंवा संकष्टी पाळतात तिथे तोच वार त्याच्यासाठीही ठरवला तर कुणाच्या लक्षातून जात नाही.

शाकाहारी घरातला फायटर

हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या मनात खरी अडचण असते. घरात अंडंही येत नाही, आणि फ्रीजरमध्ये मटारच्या पाकिटाशेजारी ब्लडवर्मची चकती कशी ठेवायची? मग फायटरला भाजीवरच ठेवता येईल का?

नाही. भाजीवर तो जगणार नाही. काही आठवडे तग धरेल, मग खंगेल, रंग उडेल, पर झिजतील. काचेच्या बरणीत वर मनी प्लांट आणि खाली फायटर ठेवून ‘तो मुळं खातो’ असंही सांगतात. तो मुळं खात नाही, तो उपाशी असतो.

पण गोठवलेल्या अळ्या घरात न आणताही तो उत्तम राहू शकतो. चांगल्या प्रतीचा दाणा हे पूर्ण अन्न आहे. त्यात मासे-कोळंबीची भुकटी असतेच, पण डबा टाकीच्या कपाटात बंद राहतो, स्वयंपाकघरात येत नाही. जोडीला वाळवलेला डॅफ्निया. एवढ्यावर माझ्या ओळखीच्या एका शाकाहारी घरात फायटर वर्षानुवर्षं आहेत. तेही मान्य नसेल तर पाला खाणारा दुसरा मासा निवडावा, फायटर नको. हे मी मनापासून सांगते, कुणाच्या श्रद्धेला धक्का लावायला नाही.

भाजी पोहोचवायची दुसरी वाट

रानातल्या फायटरच्या पोटातही वनस्पती जाते, पण शिकारीच्या पोटातून. डासाची अळी शेवाळ खाते, मोइना पाणी हिरवं करणारं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, आणि फायटर त्यांना खातो. हेच घरी जमवता येतं, आणि माझ्या अनुभवात मटाराच्या कणापेक्षा याचा गुण मोठा.

दहा लिटरची पारदर्शक बादली बाल्कनीत उन्हाच्या कडेला ठेवा. टाकीतून पाणी बदलताना निघालेलं जुनं पाणी तिच्यात भरा. आठ-दहा दिवसांत ते हिरवं होईल. मग त्यात दुकानातून आणलेला चमचाभर जिवंत मोइना सोडा. पाण्याचा हिरवेपणा उतरला की अगदी चिमूटभर स्पिरुलिना पावडर थोड्या पाण्यात कालवून टाका. पाणी दुधाळ दिसायला लागलं तर जास्त झालं. आठवड्याभरात बादली ठिपक्यांनी भरते. चहाच्या बारीक गाळणीने गाळा, स्वच्छ पाण्यात एकदा बुचकळा आणि फायटरला द्या. तो ज्या रीतीने एकेका ठिपक्यामागे धावतो ते बघण्यासाठी घरातले सगळे जमतात.

बादलीवर बारीक जाळी घट्ट बांधायला मात्र कधीही विसरू नका. उघड्या साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, त्यासाठी महापालिका नोटीस देते आणि ती देणं रास्तच आहे. फायटरला डासांच्या अळ्या आवडतात म्हणून बाल्कनीत मुद्दाम अळ्या वाढवू नका.

झाडाचंच काही टाकीत घालायची हौस असेल तर देशी बदामाचं पान आणा. मुंबईच्या रस्त्यांवर आणि कोकणात घराघरापुढे हे झाड असतं. आपोआप गळलेलं, पूर्ण तपकिरी, फवारा न मारलेल्या झाडाचं पान धुऊन 20 लिटरला अर्धं या हिशेबाने सोडा. ते खाण्यासाठी नाही. पाण्याला चहासारखा फिका रंग येतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं, आणि पान मऊ पडत जातं तसे त्यावर सूक्ष्म जीव धरतात. ते टिपत फायटर दुपारभर त्या पानाभोवती घुटमळतो. पानाची जाळी उरली की ते काढून दुसरं टाका.